योकानचा मुलूख

क्यूशू बेटावरील सागा शहरातून कारात्सू बंदराकडे जाणारी लहानशी आगगाडी भातखाचरांचा सपाट प्रदेश ओलांडून उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी येते, तेथे ओगी नावाचे एक गाव लागते. गाव तसे मोठे नाही. परंतु त्याच्या रस्त्यावर मिठाईची दुकाने इतक्या जवळजवळ उभी आहेत, आणि त्या सर्व दुकानांच्या पाट्यांवर एकाच जिनसाचे नाव इतक्या ठळकपणे लिहिलेले आहे, की जपानी लिपीचे एक अक्षरही ओळखू न शकणाऱ्या प्रवाशाच्या मनात त्या नावाची आकृती घटकाभरात पक्की बसावी. हा जिन्नस म्हणजे योकान. जपानच्या दक्षिण टोकापासून उत्तरेच्या होक्काइदोपर्यंत तो करतात, प्रत्येक प्रांत आपला योकान इतरांहून निराळा असल्याचे अभिमानाने सांगतो, आणि हे निराळेपण कशातून उत्पन्न झाले ते समक्ष जाऊन पाहावे या हेतूने आरंभलेल्या माझ्या हिवाळी प्रवासाचा पहिला मुक्काम ओगी येथे होता.

अझुकी नावाचे गडद तांबडे कडधान्य, साखर आणि समुद्रशैवालापासून काढलेले कान्तेन, म्हणजे आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते ते, या तीन द्रव्यांखेरीज योकानात पाण्यावाचून दुसरे काही नसते. अझुकी हे मूग, उडीद, मटकी आणि चवळी यांच्याच गोत्रातले धान्य आहे. ते उकळावे, तुरटपणा जाण्यासाठी पहिले पाणी ओतून द्यावे, पुन्हा मऊ शिजवून चाळणीवर घासावे; येथवर पाहणाऱ्या मराठी माणसाला पुरणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. परंतु पुरणात डाळीचे सर्वस्व राहते, तर येथे साले बाजूला काढून खाली उतरलेला गर थंड पाण्यात पुनःपुन्हा धुतात, निवळू देतात, वरचे पाणी टाकतात आणि अखेर कापडात घट्ट पिळून काढतात, त्यामुळे जिभेला रवाळपणाचा लेशही जाणवत नाही. मग पाण्यात विरघळविलेले कान्तेन, साखर आणि हा गर तांब्याच्या कढईत एकत्र करून लाकडी उलथन्याने सतत घोटत आटवायचे, उलथने उचलून त्यावरून मिश्रण कसे गळते ते पाहायचे, आणि अनुभवी नजरेने होकार दिला की साच्यात ओतायचे. गार झाल्यावर हाती येते ती लांबट, काळसर तांबूस, किंचित पारदर्शक वडी. तीत दूध नाही, तूप नाही, अंडे नाही, प्राणिज सरेस नाही. जपानमध्ये प्रत्येक खाद्यवस्तूविषयी दहा वेळा चौकशी करावी लागणाऱ्या शाकाहारी प्रवाशाला यापरता दिलासा क्वचितच मिळतो.

ओगीच्या आसपास ऊस पिकत नाही. मग साखरेचा असा मुक्त हस्ताने उपयोग करणारी मिठाई येथे का रुजली, याचे उत्तर गावात मिळत नाही. ते रस्त्यावर मिळते. १६४१ साली डच व्यापाऱ्यांना नागासाकी बंदरातील देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर आणून ठेवण्यात आले, आणि तेथून पुढे दोनशेहून अधिक वर्षे जपानचा परदेशांशी चालणारा व्यापार मुख्यत्वे त्या बंदरातील डच व चिनी जहाजांच्या द्वारे, शोगुनाच्या अंमलदारांच्या कडक नजरेखाली चालला. या जहाजांतून जे जे उतरे त्यात साखर हा मोठा जिन्नस होता. नागासाकीहून निघून कोकुरापर्यंत जाणारा सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांचा, पंचवीस मुक्कामांचा राजरस्ता सागाच्या मुलखातून जात असे. शिवाय नागासाकी बंदराच्या बंदोबस्ताची जबाबदारी सागा व फुकुओका या दोन सरदारघराण्यांकडे आळीपाळीने असे, त्यामुळे सागाच्या माणसांचा त्या बंदराशी नित्याचा राबता होता. जी वस्तू राजधानीत औषधासारखी तोलून दिली जाई ती या रस्त्याच्या काठी तुलनेने सुलभ झाली. नागासाकीचा कास्तेरा, सागाचा मारुबोरो, ओगीचा योकान, ही सर्व या एका रस्त्याची अपत्ये होत, आणि २०२० साली जपान सरकारने या मार्गाला साखरेचा रस्ता म्हणून राष्ट्रीय वारशाच्या यादीत स्थान दिले ते सर्वथा योग्यच झाले.

योकानची दुकाने ओगीत थाटली गेली ती मात्र मेइजी काळाच्या आरंभी, म्हणजे सरदारांचा अंमल संपल्यानंतर. चेरीच्या बहरासाठी गावाचे उद्यान प्रसिद्ध होते, प्रेक्षक येत, आणि परतताना बरोबर न्यायला काही टिकाऊ गोड वस्तू हवी असे. डोंगरातून येणारे पाणी उत्तम होते. पुढे सासेबो येथे नौदलाचे ठाणे झाले आणि सैन्याची मागणीही वाढली. येथील जुन्या पद्धतीचा योकान लाकडी पेटीत ओततात, रात्रभर थिजू देतात आणि मग सुरीने कापून पातळ लाकडी सालपटात किंवा कागदात गुंडाळतात. उघड्या राहिलेल्या पृष्ठभागावरचे पाणी सावकाश उडून जाते, साखर स्फटिकरूपाने वर येते, आणि काही दिवसांत प्रत्येक वडीभोवती पांढुरके, कुरकुरीत कवच तयार होते. दातांखाली प्रथम ते कवच बारीक आवाज करीत फुटते आणि मग आतला ओलसर गर लागतो. एका दुकानातील आजींनी, दुभाष्याचे काम करणाऱ्या माझ्या तरुण सोबत्यामार्फत, मला आग्रहाने सांगितले की आज घेतलेली वडी आज खाऊ नये, चार दिवस ठेवावी, म्हणजे कवच दाट होईल. आपल्या घरातील वडीलधारी माणसे तर पार पांढरी झालेली वडीच मागत असत. हवाबंद पिशवीत गरम ओतून बंद केलेला अर्वाचीन योकान महिनोन्‌महिने ताजा राहतो हे खरे, परंतु त्याच्यावर हे कवच कधीच येत नाही, आणि ओगीकरांनी दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालू ठेवल्या यात त्यांचा विवेक दिसतो.

मुराओका सोहोन्पो या १८९९ साली स्थापन झालेल्या पेढीने आपल्या दुकानालगतच्या विटांच्या इमारतीत योकानचे संग्रहालय ठेवले आहे. १९४१ साली बांधलेली ही इमारत मुळात साखरेचे कोठार होती. आत जुने साचे, कढया, उलथनी, वेष्टणांवरील छापील चित्रे, सैन्याला पुरविलेल्या मालाची निशाणी असे पुष्कळ काही मांडलेले आहे. पाहणाऱ्याला बसवून चहा व योकानचा तुकडा देण्याचा तेथे परिपाठ आहे. तेथेच मी लाल योकानही चाखला. तो अझुकीचा नसून पांढऱ्या घेवड्याचा असतो, त्याला रंग दिलेला असतो, आणि ओगीची मंडळी त्याला अझुकीच्या योकानाहून तसूभरही कमी लेखत नाहीत.

ओगीहून क्योतोला आलो तो या वस्तूचा पूर्ववृत्तांत धुंडाळण्यासाठी. योकान मुळात चीनमधील मेंढीच्या मांसाचा रस्सा होता, जो थंडीत आपोआप थिजे. कामाकुरा व मुरोमाची या काळांत झेन पंथाच्या भिक्षूंबरोबर तो जपानात आला, परंतु भिक्षूंना मांस वर्ज्य. सबब त्यांनी कडधान्याचा गर आणि पीठ कालवून, वाफवून त्याची शाकाहारी प्रतिकृती केली. तो वाफवलेला योकान आजही मिळतो. क्योतोच्या पूर्वेस बिवा सरोवराकाठच्या ओमीहाचिमान येथे बांबूच्या पात्यात गुंडाळून वाफवलेला मी खाल्ला, आणि त्याचा मऊ, किंचित चिकट पोत मला फार आवडला. मठातून तो चहाच्या समारंभात शिरला. तथापि ज्याला आज जग योकान म्हणून ओळखते तो घोटलेला, चकचकीत प्रकार कान्तेनचा शोध लागल्यावाचून संभवत नव्हता, आणि त्या शोधाची कथा क्योतोच्या दक्षिणेस असलेल्या फुशिमी या गावाशी निगडित आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास मिनो तारोझाएमोन नावाच्या तेथील धर्मशाळेच्या मालकाकडे सात्सुमाचे सरदार उतरले असता जेवणात समुद्रशैवालाची थिजवलेली लापशी वाढण्यात आली. उरलेली बाहेर टाकली गेली, रात्री गोठली, दिवसा वितळली, आणि असे काही दिवस झाल्यावर तिची हलकी, पांढरी, कोरडी पापडी झालेली त्या मालकाला आढळली. ती पाण्यात उकळून पाहिली तर पुन्हा थिजली, आणि या वेळी समुद्राचा वास तिला नव्हता. त्या वस्तूला आजचे नाव दिले ते, परंपरेनुसार, १६५४ साली चीनमधून जपानात आलेल्या इन्गेन या झेन आचार्यांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घोटलेला योकान एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रूढ झाला होता.

कथा ऐकून माझे समाधान झाले नाही. गोठण्याची ती क्रिया डोळ्यांनी पाहावी असे वाटले, म्हणून नागानो प्रांतातील सुवा खोऱ्यात, चिनो येथे गेलो. या प्रवासातील सर्वांत लाभदायक मुक्काम हाच, असे मी निःसंकोच म्हणेन. नागानोला समुद्रकिनारा नाही; चिनो समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, चहूकडे पर्वतांनी वेढलेले आहे. ज्या शैवालापासून कान्तेन होते ते इझूसारख्या दूरच्या किनाऱ्यांवरून येथे आणावे लागते. समुद्राची वस्तू डोंगरात आणून तिचे कान्तेन करण्याचा हा खटाटोप का? याचे कारण येथील हिवाळा. रात्री उष्णतामान शून्याखाली दहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते, दिवसा मात्र आकाश निरभ्र असते आणि ऊन पडते. हिमवृष्टी बेताची होते. तेनपो काळात, म्हणजे १८३० ते १८४४ या अवधीत, येथील कोबायाशी कुमेझाएमोन हा फिरता व्यापारी तान्बा प्रांतात कान्तेनचे काम शिकला आणि ते त्याने आपल्या मुलखात आणले. शेतकऱ्यांना हिवाळ्यात काम नसे, खाचरे मोकळी पडलेली असत, आणि निसर्गाने थंडी फुकट दिली होती. हा धंदा येथे स्थिरावला.

पहाटे मी त्या खाचरांच्या काठी उभा होतो. कापणी झालेल्या भातशेतांत लाकडी चौकटी ओळीने मांडलेल्या, त्यांत शैवालाच्या थिजलेल्या रसाचे चौकोनी लांबट तुकडे, आणि त्यांच्यावर बर्फाची पांढरी साय. रात्री त्यांतील पाणी गोठते व जाळीदार बर्फ होते, दिवसा उन्हाने ते वितळून निथळते, काही बाष्प होऊन उडते. असे सुमारे दोन आठवडे चालते आणि ज्यात बहुतांश पाणीच होते त्या तुकड्याचा हलका, कडक, सच्छिद्र दांडा होतो. कामकरी स्त्रीपुरुष जाड कपड्यांत वाकून तुकडे उलटवीत होते. पाऊस किंवा हिमवर्षाव आल्यास माल झाकावा लागतो, आणि हिवाळा उबदार निघाला तर सर्व मोसमच धोक्यात येतो, हे सांगताना त्यांच्यापैकी एका वृद्ध गृहस्थांच्या स्वरात जी चिंता होती ती पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला परकी वाटणार नाही. कान्तेनचा एक गुण असा, की ते गार होताना साधारण ४० अंशांच्या खाली थिजते, परंतु एकदा थिजले की ८५ अंशांच्या आसपास तापविल्यावाचून वितळत नाही. योकान उन्हाळ्यात टिकतो तो यामुळे. आणि जंतुशास्त्राला कान्तेनचा जो लाभ झाला तोही याच गुणामुळे. १८८१ च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे जंतू वाढविण्यासाठी वापरीत असलेले प्राणिज सरेस उबेने वितळून जाई, तेव्हा स्वयंपाकात हे शैवालद्रव्य वापरणाऱ्या त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी ते सुचविले, आणि ते आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. चिनोच्या खाचरांतील दांडे पाहताना मला त्या विदुषीचे स्मरण झाले.

येथवर माझ्या मनात एक मत आकार घेऊ लागले होते. जपानमधील मोठ्या रेल्वेस्थानकांवरील दुकानांत प्रत्येक जिल्ह्याचे फळ, चहा, मीठ वा मद्य मिसळून केलेल्या योकानच्या रंगीबेरंगी वड्या मांडलेल्या असतात. मी त्या हौसेने घेतल्या, खाल्ल्या, आणि त्यांतील काही रुचकरही होत्या. परंतु गर तोच, साखर तीच, वरून एका गावाचा सुगंध, एवढ्याने ती वस्तू त्या गावाची होत नाही. ज्या ठिकाणी कमतरतेने, वाहतुकीने, हवामानाने किंवा सक्तीने योकानची घडणच बदलायला लावली, तेथला योकान त्या मातीचा. ओगीचे कवच असे आहे, आणि त्याच नागानो प्रांताच्या उत्तर भागात असलेल्या ओबुसेचा योकान असा आहे.

ओबुसे हे चेस्टनटचे गाव. मात्सुकावा नदीने वाहून आणलेली आम्लधर्मी, खडकाळ जमीन भातापेक्षा या झाडांना अधिक मानवली; येथील निवडक फळे मात्सुशिरोच्या सरदाराकडून शोगुनाला नजराणा म्हणून जात. साकुराई कान्सेइदो या १८०८ साली सुरू झालेल्या दुकानाने १८१९ साली चेस्टनटचा योकान केला, आणि त्यात अझुकीचा कणही नव्हता: चेस्टनटचा गर, साखर, कान्तेन, एवढेच. पिवळसर तपकिरी रंगाची ती वडी तोंडात घेतली की कडधान्याच्या योकानाचा गंभीरपणा तीत नाही, एक मोकळी, सुपीक गोडी आहे, असे जाणवते. आयुष्याच्या अखेरच्या दशकात चित्रकार होकुसाई या गावी येऊन राहत असत आणि वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांनी गान्शोइन मंदिराच्या छतावर रंगविलेला पक्षिराज अजून तेजस्वी आहे. तो पाहून बाहेर बर्फात आल्यावर गरम चहाबरोबर हा योकान खाणे, हा या गावाचा उत्तम पाहुणचार होय. गिफू प्रांतातील ओगाकी येथे हाच न्याय पर्सिमनच्या फळाला लागू झाला आहे. त्सुचिया हे १७५५ सालचे घराणे; त्यांच्या चौथ्या पिढीने १८३८ साली वाळविलेल्या पर्सिमनचा दाट गर साखर व कान्तेनसह आटवून योकान केला, आणि पुढे तो उभ्या चिरलेल्या बांबूच्या अर्ध्या नळीत ओतून विकण्याची प्रथा पडली. पानाने झाकलेल्या त्या नळीतील ताम्रवर्णी गर कवी बाशो यांच्या १६८९ च्या सुप्रसिद्ध पदयात्रेची जेथे समाप्ती झाली त्या गावात मिळावा, हे मला शोभून दिसले.

जपानी समुद्राकाठच्या फुकुई येथे मात्र योकानचा ऋतूच उलटा आहे. पाणी अधिक व साखर कमी घालून केलेला मिझु योकान हा देशात इतरत्र उन्हाळ्यात गार करून खाण्याचा पदार्थ. फुकुईकर तो नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत खातात, बाहेर ओल्या बर्फाचे ढीग आणि आत शेगडी लावलेल्या ठेंगण्या मेजाच्या पांघरुणात पाय घालून. साखर कमी असल्याने तो टिकत नसे, आणि शीतपेटी येण्यापूर्वी तो फक्त थंडीतच सुरक्षित राही, हे यामागचे सरळ कारण. क्योतोच्या दुकानांत उमेदवारी करणारी येथील मुले नववर्षाला घरी परतताना असा योकान आणीत, अशीही आख्यायिका आहे. काळ्या साखरेचा वास असलेला हा योकान कागदी पुठ्ठ्याच्या पसरट खोक्यात थेट ओतलेला असतो, आणि सोबतच्या लाकडी पट्टीने कापून घरातील सर्वांनी एकाच खोक्यातून खायचा असतो. तो इतका मऊ, इतका थंड आणि इतका बेताचा गोड असतो की एका माणसाने अर्धे खोके संपविल्यास नवल वाटू नये.

काळ्या साखरेचा उल्लेख आला त्यावरून तोक्योतील तोराया या घराण्याकडे वळतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी क्योतोत सुरू झालेले हे दुकान सम्राट गो-योझेई यांच्या कारकिर्दीपासून राजदरबाराला मिठाई पुरवीत आले, आणि १८६९ साली दरबार तोक्योला हलला तेव्हा त्याच्या पाठोपाठ तेही तेथे गेले. त्यांचा सर्वांत ख्यातनाम योकान ‘योरु नो उमे’, म्हणजे रात्रीचा उमे वृक्ष. कापल्यावर काळोख्या गरात अखंड अझुकीचे दाणे अंधारातील फुलांसारखे फिकट दिसतात. जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली छायेच्या सौंदर्यावर लिहिलेल्या निबंधात योकानच्या याच खोल, धूसर रंगाचा गौरव केला आहे, आणि नात्सुमे सोसेकी यांच्या १९०६ सालच्या ‘कुसामाकुरा’ या कादंबरीतही त्याच्या रूपावर मन लावून लिहिलेले आढळते. घराण्याने १९७३ साली स्थापन केलेल्या दफ्तरखान्यात जुने हिशेब, दरबारच्या मागण्या आणि १६९५ सालचे मिठाईच्या नमुन्यांचे रंगीत पुस्तक जतन करून ठेवले आहे. आपल्याकडील किती पेढ्यांनी आपली दफ्तरे अशी सांभाळली असतील, हा विचार मनाला टोचून गेला. याच घराण्याचा ‘ओमोकागे’ हा काळ्या साखरेचा योकान खाताना मात्र दक्षिणेकडील बेटांचा इतिहास विसरता येत नाही. १६०९ साली सात्सुमाच्या सरदारांनी र्‍यूक्यू राज्यावर स्वारी केली, अमामी बेटे आपल्या अंमलाखाली घेतली, आणि पुढे तेथील रयतेवर उसाची लागवड लादून साखर वसूल करण्यास सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात तर सर्व साखर सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला, स्वतःच्या उपयोगासाठी ती ठेवून घेणे वा परभारे विकणे हा गुन्हा ठरला आणि कष्टकऱ्यांना कडक शिक्षा झाल्या. जपानी मिठाईच्या पुस्तकांत ही बाजू अधिक विस्ताराने यावयास हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी प्रवाशांना नारिता म्हणजे विमानतळ एवढीच ओळख असते. परंतु ९४० साली स्थापन झालेल्या शिन्शोजी मंदिराकडे जाणाऱ्या तेथील रस्त्यावर १८९९ सालापासून योनेया हे दुकान आहे, मंदिरातील शाकाहारी भोजनातल्या चेस्टनटच्या पदार्थावरून त्यांनी योकानात चेस्टनट घातले, आणि दुकानाच्या आवारातच एक लहान संग्रहालय आहे. विमानाला अवकाश असेल तर अर्धा दिवस तेथे सत्कारणी लागेल.

फुकुशिमा प्रांतातील निहोन्मात्सु येथे मला योकान चेंडूच्या आकारात भेटला. १९३७ साली, चीनशी युद्ध पेटले त्या वर्षी, आघाडीवर पाठविलेला योकान वाळून कडक होतो अशी लष्कराची अडचण होती, आणि येथील तामाशिमाया या दुकानाने योकान रबराच्या लहान फुग्यात भरून ती सोडविली. काडीने टोचताच रबर मागे सरकते आणि गुळगुळीत गोळा हाती येतो. जपानी नौदलाचे ‘मामिया’ हे शिधापुरवठ्याचे जहाज समुद्रातच योकान तयार करी आणि त्या योकानासाठी खलाशी त्याची वाट पाहत. १९४४ च्या डिसेंबरात ते बुडविले गेले. मुलांच्या हातात कौतुकाने दिला जाणारा तो चिमुकला गोळा कोणत्या प्रयोजनाने जन्मला, हे समजल्यावर मी तो काही वेळ तसाच हातात धरून राहिलो. टिकाऊपणाच्या त्याच गुणाचा उपयोग आता भूकंपाच्या पूर्वतयारीसाठी होतो: मिए प्रांतातील इमुराया ही कंपनी पाच वर्षे टिकणारा योकान करते, जो पाण्यावाचून, विस्तवावाचून, अंधारातही उघडून खाता येतो आणि ज्याचा साठा घरोघरी व कचेऱ्यांत ठेवला जातो. हा उपयोग मला त्या वस्तूच्या शांत, संयमी प्रकृतीला अधिक साजेसा वाटतो.

शेवटचा मुक्काम होक्काइदोच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एसाशी. जपानात पिकणाऱ्या अझुकीपैकी फार मोठा हिस्सा होक्काइदोत, विशेषतः तोकाचीच्या विस्तीर्ण मैदानात पिकतो; दक्षिणेकडील कारखान्यांतही बहुधा तेच धान्य शिजत असते. एसाशीच्या गोकात्तेया या १८७० सालापासूनच्या दुकानात मात्र अझुकीऐवजी किन्तोकी, म्हणजे आपल्या राजम्याच्याच जातीतील दाणा वापरतात. हा किनारा एकेकाळी हेरिंग माशांनी समृद्ध होता. ओसाकाहून निघून जपानी समुद्राच्या काठाकाठाने येणारी व्यापारी गलबते येथे तांदूळ, मीठ व साखर उतरवीत आणि परतताना हेरिंगचे खत घेऊन जात, जे पश्चिमेकडील कापसाच्या व निळीच्या शेतांत पडे. म्हणजे साखर गलबताने आली, दाणा भोवतालच्या मातीत पिकला, आणि दोहोंचा संयोग या वाऱ्याने झोडपलेल्या गावात घडला. येथील योकानचा रंग तपकिरीकडे झुकणारा, चव अझुकीहून हलकी, आणि त्यात राजम्याचा एक साधा, शेतकरी स्वाद आहे. तो कागदी नळीत भरलेला असतो; खालून अंगठ्याने दाबावे, वर आलेल्या भागाभोवती नळीला बांधलेला दोरा गुंडाळून ओढावा, की गोल चकती सुटून येते, सुरीची गरज पडत नाही. एसाशीपर्यंत येणारी आगगाडी २०१४ साली बंद झाली. आता हाकोदातेहून बसने यावे लागते, प्रवासाला सुमारे दोन तास लागतात. हाकोदातेच्या स्थानकावरही हा योकान विकत मिळतो, परंतु ज्याला गलबतांचे ते बंदर, व्यापाऱ्यांची जुनी लाकडी घरे आणि हे दुकान एकत्र पाहावयाचे असेल, त्याने ते दोन तास अवश्य खर्च करावेत.